दुसऱ्यांच्या चालीनं धावणारा

व्हर्डेल गेदर्सला पहिल्यांदा टीममधून काढलं, तेव्हा तो विमानतळावरच्या संडासात दार लावून रडला होता. पुढच्या वेळी गाडीत बसून रडायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही. नंतर नंतर तर असं व्हायला लागलं, की सांगायला माणूस दाराशी यायच्या आधीच हा बॅग भरून पलंगाच्या कडेला बसलेला असायचा. तो माणूस बिचारा ओशाळून म्हणायचा, "व्हर्डेल, साहेबांनी बोलावलंय. येताना टॅबलेट घेऊन ये." टॅबलेटमध्ये टीमच्या सगळ्या चाली असत, तो परत मागितला की समजायचं, झालं. व्हर्डेल उठता उठता त्यालाच विचारी, "खाली नाश्ता संपला का रे? नसेल तर खाऊनच जातो."

त्याचं गाव टिलरी. मिसिसिपीतल्या सपाट मुलखात, कॅटफिशच्या तळ्यांच्या मधोमध. गावात एक मासे कापायचा कारखाना, चार चर्च आणि शाळेचं फुटबॉलचं मैदान, म्हणजे हातात चेंडू घेऊन पळायचा तो अमेरिकन फुटबॉल. शुक्रवारी संध्याकाळी सामना असला की दुकानं आपोआप बंद होत. व्हर्डेलची आई अर्नेस्टीन कारखान्यात कापणीच्या पट्ट्यावर उभी असे. पांढरे रबरी बूट, जाळीची टोपी आणि दिवसभर बर्फाळ मासे. घरी आल्यावर भांडी घासताना पाणी गरम आहे की गार, तेही तिच्या बोटांना कळत नसे. ती हाक मारी, "डेल, बोट घालून बघ रे, पोळतंय का." तो बोट घालून सांगायचा.

वडील लवकरच सोडून गेले होते. त्यांच्याबद्दल घरात चांगलं किंवा वाईट काहीच बोललं जात नसे.

पोराला चेंडू झेलता येतो हे पहिल्यांदा ओळखलं कोच प्रुइटनं. कोच प्रुइट म्हणजे शाळेचा इतिहासाचा मास्तर आणि फुटबॉलचा सर्वेसर्वा. पोट सुटलेला, आवाज फाटका. तो म्हणायचा, "बाकीच्या पोरांना चेंडू दिसतो. ह्या गेदर्सच्या पोराला तो ऐकू येतो." रिसीव्हरचं काम सांगायला सोपं. अंगावर येणाऱ्या माणसाला चुकवून पळायचं आणि लांबून फेकलेला चेंडू पळता पळता झेलायचा. व्हर्डेल मागे न बघता हात वर करायचा आणि चेंडू त्यात येऊन बसायचा. दर शुक्रवारी गाव त्याच्या नावानं घसा बसेपर्यंत ओरडायचं, आणि रविवारी चर्चमध्ये बायका अर्नेस्टीनच्या गालाला गाल लावून म्हणायच्या, "बाई, तुझ्या पोराच्या हाताला देवानं डिंक लावलाय."

एका लहान कॉलेजनं त्याला नेलं. तिथंही तो चांगला खेळला, पण मोठ्या लोकांच्या नजरेत भरण्याइतका नाही. उंचीला थोडा कमी, वेगाला थोडा कमी. मोठ्या टीम दरवर्षी पोरं निवडतात, तेव्हा आईच्या घरी सगळं गाव टीव्हीसमोर बसलं होतं. तळलेले मासे, पालेभाजी, मक्याची भाकरी. तीन दिवस नावं वाचली गेली. ह्याचं नाव आलंच नाही. शेवटी लोक ताटं झाकून घरी घेऊन गेले. नंतर एक फोन आला, की सरावाला ये, बघू. तो गेला. त्यांनी बघितलं आणि परत पाठवलं.

आईला त्यानं फोनवर सांगितलं, "आई, मला कट केलं."

"बरं," ती म्हणाली. "मी सकाळपासून कापतेच आहे. कापलेलं इथं कधी पडून राहिलेलं बघितलं नाही मी. ट्रकात पडतं आणि कुठंतरी जातंच. तू जेवलास का?"

गेला तो खरंच. एका टीममधून दुसऱ्या, दुसरीतून तिसऱ्या. शेवटी उत्तरेतल्या एका टीममध्ये टिकला, पण सरावापुरता. सरावाचे खेळाडू रविवारचा सामना खेळत नाहीत. ते साध्या कपड्यांत कडेला उभे राहतात. त्यांचं काम आठवड्यात असतं, समोरच्या टीमचं सोंग घेण्याचं. बुधवारी सकाळी व्हर्डेलच्या खुंटीवर एक लाल जर्सी लटकत असे. तिच्यावर येत्या रविवारी समोर येणाऱ्या बड्या रिसीव्हरचा नंबर. ती घालायची आणि तो माणूस व्हायचं. तो जसा पळतो तसं पळायचं, जसा वळतो तसं वळायचं, म्हणजे आपल्या लोकांना त्याला अडवायची सवय होईल.

ह्या कामात व्हर्डेल पुढे जाऊन इतका तरबेज झाला, की खुद्द त्यालाही नवल वाटलं. सोमवारी तो एकटा खोलीत बसून त्या माणसाच्या चित्रफिती बघायचा. पायात काय चाललंय ह्यापेक्षा मान कशी आहे, डावा हात कुठं लोंबतोय, दमल्यावर कमरेवर हात कुठल्या बाजूनं ठेवतो, हे बघायचा. बुधवारपर्यंत सगळं अंगात मुरलेलं असे.

समोर त्याला अडवायला रोलंड बेझमोर असायचा. जॉर्जियाचा, जुना मुरलेला गडी, एक दात सोन्याचा, तोंड अखंड चालू.

"काय हो लाल जर्सी, आज कुणाचा आत्मा शिरलाय?"

"नंबर वाच."

"नंबर काय वाचायचा, तुझ्या ढुंगणावरूनच ओळखलं. हा तो मायामीचा उंट!"

सराव संपल्यावर घाम पुसत रोलंड म्हणायचा, "आईशप्पथ सांगतो डेल, तो स्वतः जेवढा तो नाही, तेवढा तू तो आहेस."

व्हर्डेलला हे ऐकून सुरुवातीला बरं वाटायचं.

ह्याच काळात त्याचं शॉनिसशी लग्न झालं. शॉनिस दातांच्या दवाखान्यात कामाला होती. हसरी, बडबडी, जॅक्सन शहरात वाढलेली. तिला नवऱ्याच्या कामाची आधी फार गंमत वाटायची. बुधवारी संध्याकाळी तो दार उघडून आत आला की ती ओट्यापासून ओरडायची, "ह्या आठवड्यात माझ्या घरात कोण राहतंय?" मग तो त्या माणसासारखा चालत फ्रिजपर्यंत जायचा, त्या माणसासारखी मान वळवायचा, आणि ती हसून हसून खाली बसायची.

एकदा तिनं विचारलं, तेव्हा तो फ्रिजपर्यंत गेलाच नाही. नुसताच येऊन खुर्चीत बसला.

"कोण आहे आज?"

"सोमवार आहे गं. सोमवारी कुणी नसतं."

ती हसली, पण मग तिनं पातेल्याखालचा जाळ बारीक केला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

एका वर्षी टीम बाद फेरीपर्यंत पोचली. समोरच्या टीमचा रिसीव्हर देशभर गाजलेला. व्हर्डेलला त्याच्यात एक बारीक गोष्ट दिसली होती. आत वळायचं असलं, की त्याचा डावा खांदा किंचित पडायचा, खाली पडलेलं काहीतरी उचलायला वाकावं तसा. सगळा आठवडा व्हर्डेल खांदा पाडत धावला आणि रोलंड त्याच्यावर झडप घालत राहिला. रविवारी सामन्याच्या शेवटाला त्या रिसीव्हरचा खांदा पडला, आणि रोलंड आधीच तिथं पोचलेला होता. चेंडू त्यानं मधल्यामध्ये पळवला. सामना तिथंच संपला.

टीव्हीवाल्यांपुढे रोलंडनं देवाचे, कोचचे आणि जॉर्जियातल्या आपल्या आईचे आभार मानले. मग कपडे बदलायच्या खोलीत येऊन त्यानं व्हर्डेलचं डोकं दोन्ही हातांत धरलं. "हा तुझा होता, कळलं? तुझा!"

"बरं," व्हर्डेल म्हणाला.

"बरं काय, मेल्या! नाच की!"

व्हर्डेल थोडा नाचला. सगळे नाचत होते, त्यांच्याकडे बघून तसाच नाचला. पुढच्या सामन्यात टीम हरली आणि सगळे आपापल्या घरी गेले.

स्वतः व्हर्डेल खेळला तो पुढच्या मोसमात, डिसेंबरमध्ये. एका रिसीव्हरचा गुडघा गेला, दुसरा तापानं फणफणला. शनिवारी टीमच्या कोचनं बोलावलं तेव्हा हा सवयीनं टॅबलेट घेऊनच गेला. कोच म्हणाला, "ठेव तो. उद्या तू खेळतोयस."

रविवारी खुंटीवर आपल्याच टीमची जर्सी होती आणि पाठीवर गेदर्स लिहिलेलं होतं. तो ती हातात घेऊन उभा राहिला. शेजारच्यानं विचारलं, "काय रे, नाव चुकलंय का?"

"नाही. बरोबर आहे."

टिलरीत त्या वेळी चर्च चालू होतं. प्रवचन रंगात आलं होतं, पण मागच्या बाकांवर सगळ्यांची डोकी खाली. पास्टर टेटम थांबले. "ओपलताई, ते तुमच्या मांडीवर बायबल आहे की फोन?"

ओपलताई चर्चमधली सगळ्यात वयस्कर गायिका. ती मान वर न करता म्हणाली, "पास्टर, देव कुठं पळून जात नाही. अर्नेस्टीनचं पोर मैदानात आलंय."

मग पास्टरही खाली उतरले.

कुणाला वाटलं नव्हतं, पण चेंडू ह्याच्याकडे आला. मैदानाच्या मधोमध, गर्दीत, थोडा उंच. व्हर्डेल उडाला, चेंडू हातात बसला, आणि त्याच क्षणी समोरच्या टीमचा एक धिप्पाड गडी पूर्ण वेगानं त्याच्या मानेवर आदळला. व्हर्डेल खाली पडला. चेंडू सुटला नाही. डाव्या हातातून खांद्यापासून बोटांपर्यंत आग गेली, आणि मग हात तिथं नव्हताच. दिसत होता, पण नव्हता. कुणीतरी चेंडू काढून घेतला तेव्हा कळलं, की आपण तो अजून धरून आहोत. त्यानं उठून उजव्या हातानं डावा हात उचलला आणि चालत कडेला गेला. लोक टाळ्या वाजवत होते. प्रेक्षकांचा आवाज भिंतीपलीकडून यावा तसा येत होता. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते झालं, असं त्याच्या मनात आलं, आणि त्या विचारामागून काहीच आलं नाही.

रात्री आईचा फोन आला. मागे बायकांचा गलका, कुणीतरी गात होतं.

"झेललास," ती म्हणाली.

"हो."

"लहानपणी पडलास की लगेच उठायचास. आज वेळ लावलास."

"हात जरा..."

"कुठला?"

"डावा."

तिनं फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, "ओपलला तुझ्याशी बोलायचंय, धर," आणि ओपलताई फोनवर बराच वेळ रडली.

डॉक्टरांनी फोटो काढले. मानेच्या मणक्यातली वाट जन्मापासूनच अरुंद आहे म्हणाले, पुढचा दणका बसला तर जन्मभर चाकांच्या खुर्चीतच बसून राहावं लागेल. डॉक्टर भला माणूस होता, समजावून सांगत होता. "गाडी चालवा, पोहा, मासे धरा. हे मात्र आता नको."

व्हर्डेलनं विचारलं, "आता जाऊ मी?"

"तुम्हाला काही विचारायचं नाही?"

त्यानं विचार केला. "गाडी तळघरात लावलीय. पार्किंगच्या चिठ्ठीवर शिक्का इथं मिळतो का?"

हात हळूहळू परत आला, पण शेवटची दोन बोटं आली नाहीत. महिनाभर तो घरात बसून राहिला. शॉनिस कामावर जाताना त्याला सोफ्यावर ठेवून जायची आणि परत यायची तेव्हा तो तिथंच असायचा. ती रडली, चिडली, तिनं बशी आपटली, चर्चच्या सल्लागाराकडे नेलं.

एका रविवारी दुपारी ती त्याच्यासमोर येऊन बसली. "डेल, तुला वाईट वाटतंय का?"

"वाटत असणार."

"असणार म्हणजे काय रे? तुझं तुला माहीत नाही?"

त्यानं सोफ्यावरची उशी सरळ केली.

"मी जॅक्सनला परत गेले तर?"

त्यानं खरंच विचार केला. "तिथून तुला तुझा दवाखाना लांब पडेल."

शॉनिस हसायला लागली, आणि हसता हसता तोंडावर हात धरून रडायला लागली. तिला तिथं कुणीतरी दुसऱ्या दवाखान्यात काम मिळवून दिलं. वसंतात ती गेली. भांडण असं झालंच नाही. सामान गाडीत ठेवायला त्यानंच मदत केली, जड पेट्या उजव्या हातानं उचलून. अजून ती त्याच्या आईला वाढदिवसाला फोन करते.

व्हर्डेल टिलरीला आला. आईनं त्याला काही विचारलं नाही, फक्त त्याच्या पलंगाला जागा व्हावी म्हणून मागच्या खोलीतली इस्त्रीची फळी बाहेर काढली. आईच्या ओळखीच्या लिओनकाकांनी त्याला तळ्यांवर कामाला लावलं. खाद्याचा ट्रक चालवायचा. तळ्याच्या बांधावरून हळूहळू जायचं, मागचं यंत्र पाण्यावर दाणे उडवतं, आणि पाणी उकळल्यासारखं माशांनी खदखदतं. मग पुढचं तळं. कारखान्यातलं कुणी भेटलं की म्हणायचं, "तू चारतोस, तुझी आई चिरते!" तोही हसायचा. काम त्याला आवडलं, असं तो सांगायचा. निदान नावडलं नाही.

उन्हाळ्याच्या शेवटी कोच प्रुइट ट्रकासमोर येऊन उभा राहिला. म्हातारा झाला होता, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, आवाज मात्र तसाच फाटका.

"काय रे, लपून बसलायस होय माझ्यापासून?"

"नाही सर. मासे भुकेले होते."

"गुरुवारी मैदानावर ये. माझे रिसीव्हर म्हणजे नुसते बैल आहेत. त्यांना जरा चाल दाखव. पळायचं नाही जोरात, तुझ्या आईनं दम दिलाय मला."

तो गेला. पोरं गोल करून बसली होती. व्हर्डेलनं एका बड्या खेळाडूसारखी चार पावलं टाकली आणि वळला. पोरांनी एका दमात त्या खेळाडूचं नाव ओरडलं. मग दुसरा करून दाखवला. मग तिसरा, तो खांदा पाडणारा. पोरं लोळायची बाकी होती. "अरे, सेम! सेम तोच!"

त्यातला एक लांबट पोरगा म्हणाला, "काका, आता तुमची दाखवा. तुमची चाल."

व्हर्डेल रेषेवर जाऊन उभा राहिला. पाय कुठला पुढे ठेवायचा, ते आठवेना. एक ठेवला, तो मायामीवाल्याचा होता. बदलला, तो आणखी कुणाचा तरी. पोरं वाट बघत होती. "माझी काही वेगळी अशी नव्हती रे," तो म्हणाला. कोचनं शिट्टी वाजवून सगळ्यांना पाणी प्यायला पाठवलं.

मग कोच त्याला सामानाच्या खोलीत घेऊन गेला. घामाचा आणि रबराचा वास. जुन्या टीव्हीवर त्यानं शाळेतल्या एका सामन्याची फीत लावली. चित्र हलत होतं, मागे बँड बेसूर वाजत होता, आणि कुठूनतरी बायकांच्या आवाजात "गेदर्स! गेदर्स!" चाललं होतं. एक बारकुडा पोरगा रेषेवर उभा होता.

व्हर्डेल पुढे सरकून बसला. त्यानं रिमोट मागून घेतला. मागे नेलं, परत बघितलं. थांबवलं. पुन्हा मागे नेलं. सोमवारी खोलीत बसून बघायचा, अगदी तसं.

"उजव्या टाचेवर जास्त भार टाकतो," तो म्हणाला. "कोपरं अंगाला चिकटवून पळतो. गार वाटत असल्यासारखा."

कोचनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"आणि हे बघा. चेंडू ह्याच्याकडे यायचा असला, की हा आधीच हसतो. फेकायच्याही आधी. बघा, ओठ बघा. मी समोर असतो तर ह्याला पहिल्या झटक्यात पकडला असता."

"पकडला असतास," कोच म्हणाला. "पण त्या वर्षी कुणाला पकडता आला नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी, ट्रक बांधावर उभा करून, आसपास कुणी नाही असं बघून व्हर्डेल थोडा धावला. टाचेवर भार, कोपरं अंगाशी. चाल जमली. सराव होता त्याला. कुणाचीही चाल त्याला जमायचीच. हसू मात्र जमलं नाही. ओठ ताणून बघितले. मग येऊन ट्रक सुरू केला. पाच-सहा तळी राहिली होती.

आता तो गुरुवारी नेमानं मैदानावर जातो. पोरांसाठी समोरच्या शाळेतल्या रिसीव्हरचं सोंग घेतो, हळू, अंगाला धक्का न लावता. पोरं त्याला 'भूत' म्हणतात, प्रेमानं. शुक्रवारी आईबरोबर सामन्याला बसतो. आईचे गुडघे दुखतात म्हणून खालच्या पायरीवर. ती उभी राहून पंचाच्या खानदानाचा उद्धार करते आणि खाली बसून त्याला कोपरानं ढोसते, "तू ओरडत का नाहीस?"

"ओरडतोय की."

"मला नाही ऐकू आलं."

परवाच्या शुक्रवारी तिनं त्याला उकडलेल्या शेंगा आणायला पाठवलं. खिडकीपाशी लांब रांग होती. मागे उभा असलेला माणूस बाहेरगावचा, समोरच्या शाळेच्या टोपीतला. तो बराच वेळ निरखून बघत होता.

"तुम्ही ते गेदर्स ना? टीव्हीवर बघितला होता मी तो झेल. काय दणका बसला होता तुम्हाला! पण सोडला नाहीत." तो आणखी जवळ सरकला. "खरं सांगा, कसं वाटलं हो त्या वेळी?"

हे त्याला पुष्कळांनी विचारलं होतं, आणि तो देवाचं नाव घ्यायचा किंवा आईचं. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक.

"काही वाटलं नाही," व्हर्डेल म्हणाला. "अगदी काहीच नाही. अजूनही वाटत नाही."

माणूस खो खो हसत सुटला. त्यानं व्हर्डेलच्या पाठीवर थाप मारली. "भले! असा खेळाडू पाहिजे!"

व्हर्डेलही त्याच्याबरोबर थोडा हसला. तेवढ्यात खिडकीतली बाई म्हणाली, "बोल रे डेल, किती देऊ? अर्नेस्टीनला खारट लागतात ना?"

"हो," तो म्हणाला. "दोन पुडे. खारट."